हवेत आवळलेला बुश नंतर 'बसत' नाही

नमस्कार. सस्पेन्शनचे रबरी बुश (सांध्यात बसणारे रबराचे नळकांडे) बदलल्यावर बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, असं मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन आहेत. एक, गाडी जॅकवर असतानाच लोअर आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बोल्ट पूर्ण आवळले तरी चालतं, गाडी थोडी फिरवली की बुश आपोआप बसतात. दोन, उंची कमी करून घेतलेल्या गाडीखाली हातच जात नाही, तर 'चाकांवर उभी करून आवळा' हे सांगायला सोपं. दुसरा अगदी रास्त आहे. हात कसा पोहोचवायचा, ती पद्धत मूळ लेखात यायलाच हवी होती. पहिला मात्र मान्य नाही.

रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली लोखंडी नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये जखडते, बाहेरचं कवच आर्ममध्ये दाबून बसवलेलं असतं आणि मधलं रबर त्यांना चिकटलेलं असतं. आर्म वरखाली होतो तो रबराला पीळ देऊनच. बोल्ट जिथे आवळाल तिथे पीळ शून्य. मग ते नंतर 'बसणार' कसं? एक तर नळी घसरेल, म्हणजे बोल्ट सैल आहे. नाहीतर रबर फाटेल.

समजा आर्म ३५० मिमीचा आहे. चाक लोंबकळताना त्याचं टोक ८० मिमी खाली जात असेल, तर पीळ साधारण १३ अंश. शॉकॲब्सॉर्बर तेच ठेवून गाडीची उंची ४० मिमी कमी केली की हे अंतर १२० मिमी आणि पीळ २० अंशांवर जातो. तोही गाडी नुसती उभी असताना! आवाज लगेच येत नाही, हे खरं. आधी नळीच्या कडेला चंद्रकोरीसारखी बारीक चीर पडते. ब्रेक दाबल्यावरचा ठोका फार नंतर येतो. (नळीवर मोकळे फिरणारे पॉलियुरेथेन बुश याला अपवाद, त्यांना ग्रीस महत्त्वाचं.)

आता हात जाण्याचं. गाडी उचलण्याआधी, सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवा. नवे बोल्ट हातानेच टेकवा. आर्मखाली जॅक लावून ते अंतर गाठायला जाऊ नका: कडक स्प्रिंग दबायच्या आत गाडीच स्टँडवरून उचलली जाते, आणि ते धोक्याचं आहे. त्यापेक्षा चाकं चढवा आणि चारही चाकांखाली सारख्या उंचीचे, रुंद, भरीव लाकडी ठोकळे ठेवून गाडी त्यांवर उतरवा. हँडब्रेक ओढा, बॉडीखाली स्टँड आधाराला राहू द्या. बंपर दोन-चार वेळा दाबून सोडा, अंतर पुन्हा मोजा, जुळलं की टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा.

स्प्रिंगही बदलल्या असतील तर जुनं माप बाद. दाबून सोडल्यावर गाडी जिथे स्थिरावेल तीच उंची धरा. रबरी बुश असलेल्या स्टॅबिलायझर लिंकही (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या जोडपट्ट्या) याच वेळी आवळा, दोन्ही बाजूंच्या एकत्र. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, त्यानंतरच.