प्रमाणपत्र हातात, ड्रोन कुठाय?
ड्रोनवाल्याला काय काय यायला हवं, हे सरकारने कागदावर बारकाईने लिहिलंय. 2013 साली कौशल्यांचा राष्ट्रीय आराखडा आला, दहा स्तरांचा, म्हणजे कौशल्याच्या दहा पायऱ्या. 2023 मध्ये त्याचे आठ झाले. त्याच वर्षी प्रधानमंत्री कौशल विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात ड्रोन, रोबोटिक्स, एआयचे कोर्स घातले. निकष हवेतच, नाहीतर कोणीही उठून सर्टिफिकेट वाटेल.

पण आमच्या रत्नागिरीकडच्या पोरांचं दरवेळी तेच! भाच्याने ड्रोनचा कोर्स केला, प्रमाणपत्र आलं, ड्रोन मात्र पाहिला तो स्लाइडवर. आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्याची कीड पडली की बागायतदार विचारतात, "फवारशील काय रे?" कातळउतारावरची जुनी हापूसची झाडं, एकाची उंची दुसऱ्यासारखी नाही, फांद्या एकमेकींत घुसलेल्या, वर खाडीचा वारा. इथे किती उंचीवरून उडवायचं, औषध आतल्या पानांपर्यंत कसं पोचवायचं, हे त्याला कोणी शिकवलंच नाही. मग तो मान खाली घालतो, आणि मला चीड येते.

निकष ठरवताना एखाद्या तरी बागायतदाराला टेबलाशी बसवा की! परीक्षा बागेत घ्या, वर्गात नको. पोरं हुशार आहेत हो, मुंबईची गाडी पकडायची हौस कोणाला नाहीये.