"मर्सी ब्यूकूप" नव्हे हो, "मेर्सी बोकू"!

पॅरिसला निघालेल्या आपल्या काका-मावश्यांना सहल कंपनीने दिलेला "उपयोगी फ्रेंच"चा कागद आज पाहिला आणि डोकंच फिरलं. बॉनजॉर (नमस्कार). मर्सी ब्यूकूप (खूप आभार). सिल वाउस प्लेट (कृपया). एवढे पैसे घेऊन हे हातात देतात! लिपी देवनागरी, पण वाचलंय सगळं इंग्रजी स्पेलिंगसारखं.

अहो, मराठी माणसाला फ्रेंचसाठी इंग्रजीच्या दारात जायचं कारणच काय? फ्रेंच त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून होतात, इंग्रजीतल्या ट-ड सारखे नाहीत. प आणि क म्हणताना हवेचा झोत सोडायचा नाही. आपण "पाणी", "काम" म्हणतो तसंच. म्हणजे निम्मं काम घरातच झालेलं आहे, आणि हा कागद तेच घालवतो.

"बोंझूर" घ्या. "बों" म्हणताना ओठ मिटले की "बोम", जीभ वर टेकली की "बोन", दोन्ही चूक. तोंड उघडंच ठेवून स्वर नाकातून काढायचा. कोकणी बोलणाऱ्यांना हे शिकवावंही लागत नाही. सरावाला "अँ बों वॅं ब्लाँ" म्हणा, म्हणजे "एक छान पांढरी वाइन". नाकातले चारही स्वर त्यात आले. (पॅरिसमध्ये आता पहिला आणि तिसरा बहुतेक जण सारखाच काढतात.) "झू"मधला झ मात्र "झाड"मधला नाही; "टेलिव्हिजन"मधला ज जसा घासून येतो तसा.

मान्य, काही स्वर देवनागरीत नाहीत. त्यातला एक मी इथे "यू" असा लिहिलाय. जीभ "ई"च्या जागी ठेवायची, ओठ "ऊ"सारखे गोल करायचे आणि "ई" म्हणायचं. कंटाळा करू नका: "दस्यू" म्हणजे वर, "दसू" म्हणजे खाली. हा स्वर चुकला की वरचं खाली. तसंच "दझर" म्हणजे दोन वाजता आणि "दूझर" म्हणजे बारा. इथला झ इंग्रजी झेडचा. घशातल्या र ची मात्र धास्ती नको, आपला र त्यांना कळतो.

पण उच्चार सोडा, त्या कागदावरचं भाषांतर बघून तर अंगावर काटा आला. "पोट भरलं" याला "झ स्वी प्लेन". इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवलाय. बाईने "मी प्लेन" म्हटलं तर फ्रेंचमध्ये अर्थ होतो गाभण, आणि तोही शब्द जनावरांसाठी! "झे ब्यॅं माँझे" म्हणा, "छान जेवले". किती साधं आहे.

शाकाहारी मंडळींसाठी तर त्यात एक ओळ नाही. नुसतं "मांस नको" सांगून भागत नाही. मासे त्यांच्या लेखी मांसात येतीलच असं नाही. "झ न माँझ नी व्याँद, नी प्वासों", मांसही नाही, मासेही नाही. सॅलडमध्ये "लार्दों" दिसलं तर ते डुकराच्या मांसाचे तुकडे. पाण्यासाठी "यून काराफ दो, सिल वू प्ले" म्हणा, नळाचं पाणी जेवणाबरोबर फुकट मिळतं. नुसतं पाणी मागाल तर विकतची बाटली येऊ शकते.

आणि मावशी, दुकानात शिरताना आधी "बोंझूर", मग किंमत. थेट प्रश्न विचारणं तिथे उर्मटपणा ठरतो. संध्याकाळी "बोंस्वार"; "बोन न्वी" फक्त झोपायला जाताना. अनोळखी माणसाला "वू", म्हणजे आपलं तुम्ही. "त्यू" म्हणजे तू, ते घरच्यांना आणि मित्रांना. हे तर आपल्याला आईनेच शिकवलंय, इंग्रजीत ते कुठून सापडणार?

तो कागद मिळाला असेल तर फाडून टाका. वरची वाक्यं वहीत उतरवून घ्या, आणि जायच्या आधी आठवडाभर रोज दहा मिनिटं मोठ्याने म्हणा.