आयर्लंडची पहिली कसोटी 2018 ची नव्हे

‘आयर्लंड पहिली कसोटी खेळलं मे 2018 मध्ये, मालाहाइडला, पाकिस्तानविरुद्ध. पहिला कसोटी विजय मिळायला मार्च 2024 उजाडला, अबूधाबीत अफगाणिस्तानविरुद्ध. जॉइस घराण्यातला कसोटीवीर म्हणजे एड.’ प्रश्नमंजूषेत, व्हॉट्सअ‍ॅपवर, चांगल्या जाणकारांच्या तोंडीही हे सर्रास ऐकू येतं. पुरुषांच्या संघापुरतं ते बरोबर आहे. पण त्या वाक्यांत ‘पुरुष’ हा शब्द कुठेच नसतो, नुसतं ‘आयर्लंड’ असतं. आणि तिथेच ती वाक्यं खोटी ठरतात.

पहिली कसोटी. आयर्लंडच्या महिला पहिली कसोटी खेळल्या त्या 30 जुलै 2000 रोजी, डब्लिन शहराच्या ऐन मध्यावर, ट्रिनिटी कॉलेजच्या कॉलेज पार्क मैदानावर. समोर पाकिस्तानच होतं. मालाहाइडच्या अठरा वर्षं आधी.

पहिला विजय. हा तर त्याच सामन्यात मिळाला. धावफलक एकदा नीट वाचा. पाकिस्तान सर्वबाद 53. आयर्लंड 3 बाद 193 वर डाव घोषित. कॅट्रिओना बेग्ज नाबाद 68, कॅरन यंग 58. पाकिस्तान पुन्हा सर्वबाद 86. एक डाव आणि 54 धावांनी विजय, तोही दुसऱ्याच दिवशी. दुसऱ्या डावात सहा जणींना बाद केलं ते इसोबेल जॉइस नावाच्या डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजाने, अवघ्या 21 धावांत. पाचच दिवसांपूर्वी तिला सतरा वर्षं पूर्ण झाली होती. कसोटी पदार्पणात, स्वतःच्या देशाच्याही पहिल्याच कसोटीत, या वयात सहा बळी! ही कामगिरी आपल्याला तोंडपाठ असायला हवी होती.

जॉइस घराणं. एड हा इसोबेलचा थोरला भाऊ, गुणी फलंदाज. इंग्लंडकडूनही खेळला, आयर्लंडकडूनही. त्याची एकमेव कसोटी मालाहाइडची. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता आणि लगेच निवृत्त झाला. धाकटी बहीण अठरा वर्षं आधी कसोटी खेळून, जिंकून मोकळी झाली होती. पुढे 2019 मध्ये एड महिला संघाचा प्रशिक्षक झाला.

‘पण 2000 साली आयर्लंडला कसोटी दर्जा कुठे होता?’ हा आक्षेप ठरलेला. आयसीसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, आयर्लंडला पूर्ण सदस्यत्व आणि त्याबरोबर कसोटी दर्जा दिला 2017 मध्ये, हे खरं. पण 2000 साली महिला क्रिकेट आयसीसीच्या हातात नव्हतंच. त्याचा कारभार आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट परिषदेकडे होता. ती आयसीसीत विलीन झाली 2005 मध्ये. कॉलेज पार्कचा सामना महिला कसोटींच्या अधिकृत यादीत आहे. (महिलांचा पहिला विश्वचषकही 1973 चा, पुरुषांच्या दोन वर्षं आधीचा. तरी ‘पहिला विश्वचषक’ म्हटलं की 1975 च सांगतात.)

‘पाकिस्तानचा संघ कच्चा होता.’ होता, मान्य. त्यांचं महिला क्रिकेट जेमतेम तीन वर्षांचं होतं आणि ही त्यांची दुसरीच कसोटी. पण समोरचा संघ कच्चा असला म्हणून धावफलक पुसून टाकायचा नियम पुरुषांच्या क्रिकेटमध्ये तरी कुणी लावलेला मी पाहिला नाही.

इसोबेल नंतरही खेळत राहिली. देशाचं कर्णधारपद तिने सांभाळलं, 2016 च्या टी-20 विश्वचषकासाठी संघ घेऊन भारतात आली. जुळी बहीण सेसीलिया बरोबर होतीच. दोघी 2018 च्या अखेरीला निवृत्त झाल्या, म्हणजे मालाहाइडच्या ‘पहिल्या’ कसोटीचा गाजावाजा झाला त्याच वर्षी. मधल्या अठरा वर्षांत इसोबेलला दुसरी कसोटी कधी मिळालीच नाही.