अमेरिकेच्या संस्थापकांना सरकार नको होतं? अहो, असं नव्हतं ते

एक फॉरवर्ड सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की अमेरिकेच्या संस्थापकांनी टॅक्स नको म्हणून क्रांती केली, सरकार मुद्दाम छोटंसं ठेवलं, बाजारात कधी हात घातला नाही आणि म्हणूनच देश श्रीमंत झाला. खाली संस्थापकांपैकी एक आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनच्या नावाने वाक्य, 'जे सरकार कमीत कमी राज्य करतं तेच उत्तम'. मी स्वतः लायसन्स-परमिट राजच्या विरोधातलाच आहे, मुक्त बाजाराच्या बाजूने कोणी बोललं तर मला आनंदच होतो, पण त्यासाठी इतिहास असा अर्धामुर्धा सांगू नका.

आधी ते वाक्य. जेफरसनच्या लिखाणात ते कुठे सापडत नाही. तो 1826 मध्ये गेला, आणि 1837 मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकन मासिकाने तशा अर्थाचं ब्रीदवाक्य छापलं, पुढे 1849 मध्ये अमेरिकन लेखक थोरोने ते आपल्या निबंधाच्या सुरुवातीलाच घेतलं आणि मग ते सगळीकडे गेलं.

आता टॅक्स. बॉस्टनमध्ये 1773 ला चहा समुद्रात फेकला तेव्हा नवीन कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता! राग याचा होता की ज्या ब्रिटिश पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही ती आपल्यावर कर लावते, आणि वर ईस्ट इंडिया कंपनीला मक्तेदारी देते. स्वतःचं सरकार आल्यावर याच लोकांनी 1791 मध्ये दारूवर कर लावला, पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी त्याविरुद्ध उठले तेव्हा 1794 मध्ये पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन याने जवळपास 13,000 मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, गोळा केली आणि काही अंतर तो स्वतः बरोबर गेला.

'सरकार छोटंच ठेवलं' म्हणता, तर छोटं सरकार त्यांनी आधी करून पाहिलं होतं ना. 1781 पासूनच्या व्यवस्थेत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या केंद्रीय संसदेला, कर लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यं द्यायची नाहीत, सैनिकांचे पगार थकलेले, कर्ज फेडायला पैसा नाही, त्यात 1786 मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव. म्हणून 1787 मध्ये फिलाडेल्फियाला बसून केंद्र मजबूत करणारी घटना लिहिली. त्या केंद्राला मर्यादा घातल्या हे शंभर टक्के खरं, अधिकार मोजून दिले, तीन ठिकाणी वाटले, 1791 मध्ये 10 दुरुस्त्या करून नागरिकांचे हक्क पक्के केले. पण घटना घडवणाऱ्यांपैकी एक आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मॅडिसनने स्पष्ट लिहून ठेवलंय की आधी सरकारला लोकांवर नियंत्रण ठेवता आलं पाहिजे आणि मग त्याला स्वतःवर नियंत्रण ठेवायला भाग पाडलं पाहिजे. त्याला दोन्ही हवं होतं, फॉरवर्डवाले दुसरं अर्धंच सांगतात.

बाजाराचा मुद्दा तर सगळ्यात कच्चा आहे. वॉशिंग्टनने सही केलेल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक म्हणजे 4 जुलै 1789 चा आयात शुल्काचा कायदा, त्यात देशी उद्योगांना संरक्षण हा हेतू लिहिलेलाच आहे. मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता ॲडम स्मिथ वॉशिंग्टनचा अर्थमंत्री हॅमिल्टन याने वाचला होता, तरी 1791 च्या अहवालात त्याने नव्या कारखान्यांना सरकारी मदत द्या असंच मांडलं, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय बँक काढली ज्यात पाचवा हिस्सा सरकारचा. जेफरसन आणि मॅडिसन यांनी त्या बँकेला कडाडून विरोध केला, हा वाद खरा होता आणि तो वाचण्यासारखा आहे. पण पुढे काय झालं बघा, जेफरसननेच 1807 मध्ये एम्बार्गो, म्हणजे व्यापारबंदी, लावून परदेशी जाणारा सगळा माल रोखला, आणि मॅडिसनने 1816 मध्ये दुसऱ्या बँकेवर सही केली, शिवाय संरक्षक आयात शुल्कावरही. न्यूयॉर्कची एरी कॅनॉल कोणा शेठजीने नाही, राज्य सरकारने खणली, 1817 ते 1825, 363 मैल.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डच्या बाजूची आहे आणि ती मोठी आहे. घटनेने राज्यांना एकमेकांच्या मालावर आपल्या मर्जीने शुल्क लावायला बंदी केली, म्हणजे एवढ्या मोठ्या देशात एकही जकात नाका नाही. त्या श्रीमंतीत याचा वाटा मी आनंदाने मान्य करतो. पण हेसुद्धा मजबूत केंद्रामुळेच जमलं.

आणि ज्या बाजाराला मुक्त म्हणता त्यात माणसं विकली जात होती. 1790 च्या जनगणनेत जवळपास 7 लाख गुलाम होते, आणि पळून गेलेल्या गुलामाला मालकाकडे परत आणायला 1793 मध्ये केंद्रानेच कायदा केला. तिथे सरकारचा हात बरोबर पोचला. हे संपवायला यादवी युद्ध आणि 1865 ची 13 वी घटनादुरुस्ती लागली, म्हणजे पुन्हा केंद्र सरकारच. ज्या अमेरिकन लोकांनी हे करून दाखवलं त्यांना जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपली 'गुलामगिरी' अर्पण केली. फॉरवर्डमध्ये गुलामांबद्दल एक ओळसुद्धा नाही.