मशीनखाली बोट गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत युनियन कुठे असते?

स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ द्या. पगारवाढीचा करार पदरात पाडून घ्यायला आपल्या नाशिकच्या युनियन तरबेज आहेत. पण पत्रा दाबणाऱ्या-कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली बोट गेलेल्या पोरापर्यंत त्या फार उशिरा पोचतात. आणि नुकसानभरपाईची केस बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच बनते किंवा बिघडते. कोर्ट नंतरचं.

अंबडमध्ये युनियनच्या कमिटीत असताना हे जवळून पाहिलंय. पोराला मालकाच्याच गाडीतून ओळखीच्या दवाखान्यात नेतात. केस पेपरवर लिहितात, 'घरी दारात बोट चेमटलं'. हजेरीच्या मस्टरवर त्या दिवशी गैरहजर. ड्रेसिंग होतंय तोवर सुपरवायझर कागद पुढे करतो: चूक माझी, वीस हजार मिळाले, काही तक्रार नाही. उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा.

भरपाईचा हक्क सोडून देणाऱ्या अशा कागदाला 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासूनच काडीची किंमत नाही. पण हे त्या पोराला सांगणार कोण? तो बिचारा वीस हजार घेऊन गावी निघून जातो.

आता हिशोब बघा. वय 25, पगार 12 हजार, तर्जनी पूर्ण गेली. कायद्याच्या परिशिष्टात कमाईची ताकद किती गेली ते धरलंय: तर्जनीचे 14 टक्के, अंगठ्याचे 30. पगाराच्या 60 टक्के म्हणजे 7,200, गुणिले त्या वयाचा गुणांक 216.91, त्याचे 14 टक्के. दोन लाख अठरा हजारांच्या वर जातं. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर दंडही लागू शकतो.

हा हिशोब ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, नसलेल्याचा. ईएसआय असेल तर दार वेगळं. तिथे मालकाकडे भरपाई मागता येत नाही. कामावर परत जाईपर्यंत पगाराच्या 90 टक्के आणि नंतर मेडिकल बोर्ड ठरवेल त्या टक्क्यांनी आयुष्यभराचं मासिक पेन्शन. अपघातासाठी कव्हर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतं, म्हणूनच काही ठेकेदार अपघात झाल्यावर घाईघाईने नाव चढवतात. कुठल्या दारात जायचं एवढं सांगणारा माणूस भेटला तरी निम्मं काम झालं.

हात आत जाऊ नये म्हणून मशीनला गार्ड असतो. मालकाची ठरलेली ढाल: 'गार्ड त्यानेच काढला.' (प्रॉडक्शनसाठी काढायला कोणी सांगितलं, ते अख्ख्या शॉपला माहीत असतं.) मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही ढाल चालत नाही, पण एका बोटाच्या केसमध्ये चालू शकते. म्हणून मशीन धुऊनपुसून गार्ड परत बसवायच्या आत फोटो हवा, शेजारच्या ऑपरेटरचा जबाब हवा आणि दवाखान्यात 'कामावर, मशीनवर' हे शब्द लिहून घेणारा कोणीतरी हवा. वकिलाआधीचं हे काम युनियनचं आहे.

'पण तो आपला मेंबर नाही, ठेकेदाराचा आहे.' हे मीटिंगमध्ये फार ऐकलंय. अहो, प्रेसवर आता बसतंय कोण? पर्मनंट माणूस सेटिंगला नाहीतर क्वालिटीला गेला, पेडलवर ठेकेदाराचाच पोरगा आहे. ठेकेदार पळाला तरी मूळ कंपनीकडे भरपाई मागता येते. वर्गणीची पावती बघून मदत करायची असेल तर ज्यांची बोटं जातात ते कायमच बाहेर राहणार. आणि त्यांना सोडलं की टक्केवारीवर केस घेणारे एजंट दवाखान्याच्या दारात उभेच असतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांवर माझे बरेच आक्षेप आहेत, ते पुन्हा कधीतरी. पण घर ते कंपनी रस्त्यातला अपघातही कामाशी संबंध दाखवता आला तर आता कामावरचाच अपघात धरला जातो. म्हणजे सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंबड लिंक रोडवर बाइकला झालेल्या धडकेतही पहिल्या दिवशीचे कागद लागणारच.

माझी मागणी साधी आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, प्रत्येक ठिकाणी युनियनने अपघातासाठी एक माणूस नेमावा, मेंबर असो-नसो, रात्रीही फोन उचलणारा. आणि निकाल लागला की सोडून देऊ नये. मालकाने पैसे भरले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, पण ती फाइल तहसीलमध्ये पुढे सरकवायला मागे लागणारं माणूस लागतं. एक हात गमावलेल्या हेल्परने रोजगार बुडवून तिथे किती खेपा घालायच्या?