पाखाडी चढताना छातीत दाटलं तर आधी थांबा

गेल्या आठवड्यात पाखाडी, म्हणजे आमच्या वाडीतली पायऱ्यांची वाट, चढताना माझ्या काकांच्या छातीत तीनदा दाटलं आणि तिन्ही वेळा ते थांबले नाहीत. कारण भावकीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘चढावर छातीत दाटलं तर घाबरू नका, तो गॅस आहे. थांबू नका, चालत राहा, मोकळा होईल. जास्तच वाटलं तर जोरजोरात खोका, अ‍ॅटॅक टळतो. कोकणच्या दमट हवेत दम लागायचाच. दम्याचा पंप घेऊ नका, सवय लागते.’

‘थांबू नका’ हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. चढावर हृदयाला जास्त रक्त लागतं. त्याच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर ते पुरत नाही आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. थांबलं की काही मिनिटांत ओसरतं. याला अंजायना म्हणतात. चढावर येणं आणि थांबल्यावर जाणं हीच त्याची खूण, आणि मेसेज नेमकं थांबायलाच मनाई करतो! गॅसने, पित्ताने छातीत दुखतं, हे मान्य. पण ते बहुतेकदा जेवणाशी, वाकण्याशी, आडवं पडण्याशी जोडलेलं असतं, पाखाडीच्या पायऱ्यांशी नाही. मधुमेह्यांना आणि बायकांना तर कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, थकवा येतो. काकांना बारा वर्षं साखर आहे. ‘ईसीजी नॉर्मल होता’ असं ते सांगतात, पण झोपवून काढलेला ईसीजी अंजायना असूनही नॉर्मल येऊ शकतो.

खोकण्याचं मूळ कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाची अँजिओग्राफी करतात त्या खोलीत आहे. तिथे मॉनिटर लावलेल्या, शुद्धीत असलेल्या रुग्णाचे ठोके अचानक बिघडले तर समोर उभे असलेले डॉक्टर त्याला खोकायला सांगतात. घरी एकट्याने करायचा हा उपाय नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने आपला त्याला पाठिंबा नाही असं स्पष्ट सांगितलंय. थांबूनही पाच-दहा मिनिटांत ओसरलं नाही, घाम फुटला, कळ जबड्यात किंवा हातात उतरली, तर लगेच 108 लावायचा. आमच्या वाडीत गाडी येत नाही. माणसाला खुर्चीत बसवून वरच्या रस्त्यापर्यंत न्यावं लागतं, आणि ही मिनिटं खोकण्यात घालवायची?

दमट हवेने घाम येतो, जीव नकोसा होतो, खरं आहे. पण व्यायामाने उठणारा दमा कोरड्या, थंड हवेत जास्त उठतो. त्यात खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते, आणि बऱ्याचदा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी ते वाढतं. अशांना डॉक्टर व्यायामाच्या पंधराएक मिनिटं आधी पंप घ्यायला सांगतात. त्याचं व्यसन लागत नाही. रोज रोज लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, एवढाच अर्थ, डॉक्टरांना दाखवा.

काकांना उद्या सकाळीच रत्नागिरीला नेतोय. पाखाडी चढवणार नाही. खुर्ची काढून ठेवली आहे, उचलायला चौघं जण येतायत.