ट्रिगर सगळ्यात शेवटी बघा: ग्लॉक, एम अँड पी आणि पी३२०वरच्या कमेंटला उत्तर

तुमची कमेंट रागात लिहिलेली असली तरी मुद्देसूद आहे, म्हणून खाली दोन ओळीत उत्तर न देता इथे नीट लिहिते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांनी पहिलं पिस्तूल घेताना ग्लॉक १९ आणि स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी २.० कॉम्पॅक्ट ही दोन आधी रेंजवर भाड्याने घेऊन चालवून बघावीत, आणि सिग सावर कंपनीचं पी३२० पहिली गन म्हणून सध्या तरी घेऊ नये. त्यावर तुमचं म्हणणं असं की ट्रिगरबद्दल मी एक ओळ लिहिली नाही, ग्लॉकचा ट्रिगर स्टेपलरसारखा आहे हे जगाला माहिती आहे. पी३२० अमेरिकन आर्मीने निवडलंय, आर्मीला कळत नाही आणि मला कळतं का. आणि ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना मॅन्युअल सेफ्टी (अंगठ्याने ढकलायचा, गोळी सुटू न देणारा खटका) नसलेलं पिस्तूल सुचवणं बेजबाबदारपणा आहे. शेवटी तुम्ही असंही लिहिलंय की तुमच्याकडे स्वतःकडे पी३२० आहे आणि आता मिसेससाठी एक घ्यायचंय.

ट्रिगरपासूनच सुरू करते कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. ट्रिगरबद्दल मी लिहिलं नाही ते मुद्दामच, पहिली गन घेताना ट्रिगर सगळ्यात शेवटी बघावा असं माझं ठाम मत आहे. दुकानात काउंटरवर माणूस काय करतो, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामा आहे बघतो, दुकानदाराला विचारून ट्रिगर दाबतो, वॉल्थर पीडीपी किंवा एचके व्हीपी९ दाबून बघितलं की ट्रिगर एकदम स्वच्छ सुटतो, मग ग्लॉक दाबतो तर मऊ, ओढत नेल्यासारखा लागतो, झालं, निर्णय झाला. पण रिकामी गन एकदा दाबणं आणि तीच गन हातात उसळत असताना पन्नास राऊंड (गोळ्या) मारणं यात फार फरक आहे. ग्लॉकचा साडेपाच पाउंडाच्या आसपासच्या जोराने दाबायचा ट्रिगर काही आठवड्यांच्या सरावात बोटाला सवयीचा होतो, पकड चुकीची असेल तर ती मात्र सवयीने सुधारत नाही, उलट पक्की होते.

पकड म्हणजे नेमकं काय ते सांगते. मी रेंजवर नवीन बायकांना शिकवायला मदत करते आणि आपल्या बायकांचे हात बहुतेक लहान असतात, माझेही आहेत. हात लहान आणि ग्रिप जाड असली की तळवा बरोबर मागे बसवला तर तर्जनी ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचते, नुसतं टोक लागतं, आणि त्या टोकाने दाबताना बोट ट्रिगरला सरळ मागे न आणता बाजूला ढकलतं, उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या डावीकडे जायला लागतात. मग ती बाई काय करते, बोट पोचावं म्हणून हात फिरवून पकडते, म्हणजे मनगट, हाताचं हाड आणि पिस्तूल एका रेषेत राहत नाहीत, रिकॉइल म्हणजे गोळी सुटतानाचा धक्का सगळा अंगठ्याच्या सांध्यावर येतं आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) नीट मागे न गेल्यामुळे गोळीचं रिकामं कवच अडकतं. तिला वाटतं गन खराब आहे किंवा आपल्याला जमत नाही. एम अँड पी २.०च्या डब्यात ग्रिपच्या मागच्या भागासाठी चार वेगवेगळ्या मापांचे तुकडे येतात, सगळ्यात छोटा लावला की बोटाचं पहिलं पेर बरोबर मधोमध ट्रिगरवर बसतं. मागच्या वेळी एकीचे शॉट सात यार्डांवर कागदाच्या डाव्या कडेला लागत होते, तुकडा बदलला आणि बाकी काहीही न सांगता पुढचे शॉट मधे यायला लागले. त्या दिवशी तिच्या हातात जगातला सर्वोत्तम ट्रिगर दिला असता तरी काय उपयोग होता?

ग्लॉकनेही चौथ्या पिढीपासून बॅकस्ट्रॅप, म्हणजे ग्रिपच्या मागचा तुकडा, बदलायची सोय दिली, पण त्यात बॅकस्ट्रॅप न लावता जी मूळ ग्रिप असते तीच सगळ्यात छोटी, त्याहून लहान करता येत नाही. शिवाय ग्लॉकच्या ग्रिपचा तिरकेपणा जास्त आहे, काहींना पिस्तूल वर धरलं की नळी जरा आकाशाकडे बघते. ज्यांना तसं होत नाही त्यांच्यासाठी ग्लॉक १९ सारखी दुसरी सोपी निवड नाही, पंधरा राऊंड, चार इंचाची नळी, सुटे भाग आणि होल्स्टर (पिस्तूल कमरेला लावायचं म्यान) कुठल्याही दुकानात. हातात बसतंय का बसत नाही हा प्रश्न आधी, बाकी नंतर.

आता पी३२०. तुम्ही लिहिलंय मी यूट्यूबवरच्या अफवा पसरवते. तर जे नोंदलेलं आहे तेवढंच घेऊया.

ज्यांना यंत्र माहिती नाही त्यांच्यासाठी आधी हे, की या सगळ्या पिस्तुलांना मागे बाहेर दिसणारा हॅमर नसतो, स्लाइडच्या आत स्प्रिंगवर ताणलेला स्ट्रायकर असतो तो सुटून गोळीच्या मागच्या प्रायमरवर (ठिणगी पाडणाऱ्या भागावर) आदळतो. ग्लॉकमध्ये हा स्ट्रायकर अर्धवटच ताणलेला असतो, उरलेला ताण तुमचं बोट ट्रिगर ओढताना देतं, म्हणूनच तो ट्रिगर तुम्हाला स्टेपलरसारखा लागतो. पी३२०मध्ये तो पूर्ण ताणलेला असतो आणि ट्रिगर फक्त त्याला सोडतो, म्हणून तो हलका आणि स्वच्छ. आता पूर्ण ताणलेला म्हणजे असुरक्षित असं मी अजिबात म्हणत नाहीये, एम अँड पीचा जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो, व्हीपी९चाही असतो. पण त्या दोन्हीत ट्रिगरवरच वेगळी सेफ्टी आहे, बोटाने नीट दाबल्याशिवाय ट्रिगर मागे जाऊ न देणारी. ग्लॉकमध्ये ती मधली छोटी पट्टी म्हणजे तीच. पिस्तूल पडलं आणि झटक्याने ट्रिगर स्वतःच्याच वजनाने मागे जायला निघाला तर ती त्याला अडवते. पी३२०च्या नेहमीच्या ट्रिगरवर ती पट्टी नाही. आतमध्ये स्ट्रायकर अडवणारी सेफ्टी आहे, पण ट्रिगर हलला की ती बाजूला होते.

२०१७च्या उन्हाळ्यात पिस्तूल एका ठराविक कोनात मागच्या बाजूवर पडलं तर गोळी सुटते हे लोकांनी कॅमेऱ्यासमोर दाखवलं, आणि ऑगस्टमध्ये कंपनीने स्वतःच अपग्रेड जाहीर केलं, त्यात हलका ट्रिगर, हलके सियर (स्ट्रायकर धरून ठेवणारा खटका) आणि स्ट्रायकर असे भाग बदलून दिले. म्हणजे कारण तेच होतं, वजन आणि झटका. याला अफवा कसं म्हणायचं?

आणि आर्मीचं म्हणाल तर आर्मीने जानेवारी २०१७मध्ये पी३२०वर आधारित एम१७ आणि एम१८ निवडली हे खरंच आहे, बेरेटा एम९ १९८५पासून होती, ती बदलायचीच होती. पण आर्मीच्या चाचण्यांतही पाडल्यावर गोळी सुटायचा दोष निघाला होता आणि हलके भाग घालून तो दूर केला, हे संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाच्या अहवालात आहे. आर्मीच्या पिस्तुलाला अंगठ्याने चालवायची मॅन्युअल सेफ्टी आहे, दुकानातल्या बहुतेक पी३२०ना नाही. शिवाय ग्लॉकने त्या निवडीविरुद्ध तक्रार केली तेव्हा सरकारी निकालात लिहिलंय की सिगची एकूण किंमत ग्लॉकपेक्षा सुमारे १० कोटी डॉलरने कमी होती. लाखो पिस्तुलं घेणाऱ्याने किंमत बघणं बरोबरच आहे, पण तुम्ही आम्ही एक घेणार. त्यामुळे "आर्मीने घेतलं" हे तुमच्या कमरेला काय लावावं याचं उत्तर होत नाही.

अपग्रेडनंतरच्याही तक्रारी आहेत, होल्स्टरमध्ये असताना, ट्रिगरला हात न लावता सुटली अशा. कंपनी सुरुवातीपासून सांगत आलीय की ट्रिगर दाबल्याशिवाय हे पिस्तूल सुटूच शकत नाही. २०२४मध्ये जॉर्जियात आणि फिलाडेल्फियात ज्यूरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिले, फिलाडेल्फियातला १ कोटी १० लाख डॉलरचा होता, आणि काही खटले कंपनीच्या बाजूनेही गेलेत. २०२५च्या जुलैमध्ये वायोमिंगच्या एअर फोर्स तळावर एका जवानाचा मृत्यू झाला तेव्हा एम१८चा वापर थांबवला होता, ते उदाहरण सगळे देतात पण मी देत नाही, कारण त्या प्रकरणात पुढे दुसऱ्या एका जवानाला अटक झाली आणि पिस्तुलं परत वापरात आली. माझा सल्ला साधा आहे, ग्लॉक १९, एम अँड पी, पीडीपी, व्हीपी९, सीझेड पी-१० सी, एवढी चांगली पिस्तुलं साधारण त्याच भावात मिळत असताना नवशिक्याने ज्यावर वाद चालू आहे तेच का घ्यावं? त्यात नवीन माणसाच्या मनात कमरेला लावताना शंका असेल तर तो ते लावणारच नाही, किंवा सारखा हात लावून चाचपत राहील, आणि ते जास्त धोक्याचं.

एका बाबतीत पी३२० ग्लॉकपेक्षा खरंच चांगलं आहे आणि ते तुम्ही लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. साफ करायला खोलताना ग्लॉकचा ट्रिगर दाबावाच लागतो. मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचा आणि करंगळी घालून चाचपायचा, सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर दाबायचा, मग स्लाइड अगदी तीन-चार मिलिमीटर मागे धरून दोन्ही बाजूंचे छोटे लॅच खाली ओढायचे की स्लाइड पुढे निघते. यातलं मॅगझिन काढणं आणि चेंबर बघणं हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर चेंबरमध्ये नवीन राऊंड बसलेला असतो आणि माणसाला वाटतं रिकामं आहे. लोकांनी असेच स्वतःचे हात आणि शेजाऱ्याच्या भिंती फोडल्यात. पी३२० ट्रिगर न दाबता खोलता येतं, एम अँड पीतही सियर खाली पाडायची छोटी पिवळी पट्टी आहे. ज्यांना रात्री थकून भागून टेबलावर बसून साफसफाई करायची सवय आहे त्यांनी हा मुद्दा ट्रिगरच्या आधी बघावा.

आता मुलांचं. याबद्दल तुम्हाला राग आला ते मला पटतं, पण मॅन्युअल सेफ्टी हा त्यावरचा उपाय नाही. अंगठ्याने ढकलायची एक पट्टी चार वर्षांच्या मुलाला सहज ढकलता येते, त्यांना बटणं आणि खटके ढकलायलाच आवडतात. मॅन्युअल सेफ्टीचा उपयोग पिस्तूल होल्स्टरमध्ये घालताना शर्टाचं टोक किंवा जाकिटाची दोरी ट्रिगरमध्ये अडकली तरी गोळी सुटू नये म्हणून आहे, आणि त्यासाठी ती हवी असेल तर एम अँड पी सेफ्टीसकट मिळते, जरूर घ्या, फक्त प्रत्येक वेळी सरावात ती चालवा. मुलांसाठी उपाय एकच, कुलूपबंद सेफ, ज्याची किल्ली किंवा कोड मुलांना माहीत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या खाली, असलं काही चालणार नाही, मुलांना दिवाळीचा फराळ कुठे लपवलाय ते कळतं तर हे कळणार नाही का. इथे टेक्सासमध्ये तुमच्या निष्काळजीपणामुळे भरलेली गन सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हाही आहे. सेफचे पैसे गनच्या बजेटमध्येच धरा, ते नसतील तर गन पुढच्या वर्षी घ्या.

होल्स्टरही कडक कायडेक्स प्लास्टिकचं, ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं. मऊ कापडी होल्स्टर यातल्या एकाही पिस्तुलाला नको.

दोन-तीन जणांनी कायद्याचं विचारलंय म्हणून घाईत सांगते. ग्रीन कार्डवर घेता येतं, पण एचवनबीसारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने गन घेणं आणि बाळगणं दोन्हीला बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून, तेव्हा दुकानात फॉर्म भरायच्या आधी वकिलाला विचारा, तिथे चुकीचं उत्तर लिहिलं तर इमिग्रेशनचं सगळं धोक्यात येतं. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट लागतं आणि मॅगझिन दहा राऊंडचंच, कॅलिफोर्नियातही दहाच, शिवाय तिथे दुकानात राज्याच्या यादीत असलेलीच मॉडेल्स विकतात, म्हणून तिथल्या लोकांनी पंधरा राऊंडचं की सतरा हा वाद सोडून द्यावा. भारतात ९ एमएम हा प्रोहिबिटेड बोअर (सामान्य लोकांना बंदी असलेलं माप) आहे, साध्या लायसन्सवर ही पिस्तुलं मिळत नाहीत.

तुमच्या पी३२०चं म्हणाल तर विका असं मी सांगणार नाही. २०१७च्या आसपासचं असेल तर सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून अपग्रेड झालंय का ते बघा, सेकंडहँड घेतलं असेल तर नक्कीच बघा, आणि रेंजसाठी ठेवा, कमरेला दुसरं लावा.

आणि मिसेससाठी तुम्ही लिहिलंय पी३६५ किंवा हेलकॅट, "लहान हात, लहान गन". कृपया हे करू नका. तीन इंचाची नळी आणि हलकं वजन म्हणजे तेच ९ एमएम हातात कितीतरी जोरात उसळतं, लहान गनची स्लाइड मागे ओढायलाही बऱ्याचदा कडक असते, पहिल्याच दिवशी हात दुखला की त्या परत रेंजवर येणार नाहीत. पी३६५ हे रोज लपवून बाळगायला उत्तम पिस्तूल आहे पण शिकायला नाही. त्यांना रेंजवर एम अँड पी २.० कॉम्पॅक्ट छोट्या तुकड्यासकट, ग्लॉक १९ आणि जमलं तर व्हीपी९ भाड्याने द्या, व्हीपी९च्या ग्रिपच्या बाजूच्या पट्ट्याही बदलता येतात. प्रत्येकी पन्नास राऊंड, आणि तुम्ही मागे उभं राहून ट्रिगर कसा आहे ते सांगू नका, त्यांना ठरवू द्या.